मे महिन्यातली कानटोपी

मी कानटोपी बोलतेय. आधी हसून घ्या. भर मे महिन्यात, लासुर्ण्याच्या उन्हात, छत्तीस वर्षांच्या बाईच्या डोक्यावर तपकिरी लोकरीची कानटोपी बघितली की माणसं हसतातच. मला त्या हसण्याची शिसारी आलीय.

इंदापूरच्या बाजारात ढिगातून मला उचललं ते आप्पांसाठी, म्हणजे या बाईच्या, स्वरूपाच्या सासऱ्यांसाठी. त्यांनी एक हिवाळा वापरलं, तंबाखूच्या वासानं भरलं आणि खुंटीवर फेकलं. तिथून स्वरूपानं मला काढलं. तीनदा धुतलं. लोकर तिला चावते, म्हणून आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं. कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत दारावरून जातात. उन्हाळ्यात लग्नांच्या वराती. तुम्हाला ती गाणी वाटतात, तिच्या कानात ती खिळे ठोकतात. मी मधे जाड कापड धरते, एवढंच माझं काम.

कानावर बसून मला सगळं ऐकू येतं. "खुळी हाय." "नाटकं करती." "पाव्हणं आलं की न्हाणीत जाऊन बसती, माणूसघाणी कुठली!" आणि हीच तोंडं तिला डाळिंबं निवडायला बोलावतात. नुसत्या नजरेनं ती एका मापाची फळं वेगळी काढते, दिवसभर शब्द बोलत नाही. कामाला खुळी चालते.

एकदा मोबाइलवर तिनं एका बाईचं बोलणं ऐकलं. आपल्याला ऑटिझम आहे, हे त्या बाईला चाळिशीत कळलं होतं. स्वरूपानं ते अकरा वेळा ऐकलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मला तपासून घ्यायचंय. मी अशी का हाय, ते मला कळलं पायजे."

इंद्रजित, तिचा नवरा, वाईट नाही. "आता कळून काय करणार?" म्हणाला, पण बारामतीला घेऊन गेला. पहिल्या डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं नाही. "लग्न झालंय, संसार करता, मग कसला ऑटिझम? तो लहान पोरांना असतो." आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. शिकलेला माणूस! माझ्यात लोकर आहे हो, त्याच्या डोक्यात काय भरलंय देव जाणे.

चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टर मॅडम सापडल्या. त्यांनी दोन तास ऐकून घेतलं. करकरणारा पंखासुद्धा बंद केला. मग म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं माणूस आणा. त्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

असं माणूस एकच. तिची आई, बावड्याची कुशाबाई.

कुशाबाई नाहीच म्हणाली. स्वरूपाच्या धाकट्या भावाचं, सुयोगचं लग्न ठरत होतं. "घरात येडं हाय म्हणून कळलं तर सोयरीक मोडंल." स्वरूपा रोज सकाळी आठला फोन लावायची आणि एकच वाक्य म्हणायची, "आये, तू आलीस तरच हुईल." एकविसाव्या दिवशी म्हातारी आली, ती ठेवणीतली साडी नेसून, लेक पाव्हण्यांना दाखवायला निघाल्यासारखी. दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "तू गप बस. मी बोलते. बघ कशी पसंत करून घेते."

"लहानपणी इतर मुलींबरोबर खेळायची का?" मॅडमनी विचारलं.

"छ्या! कुणाच्या दारात जाणारी न्हाय माझी लेक. दिसभर चिंचुके रांगेत लावत बसायची. कसला तरास न्हाय."

"खाण्यापिण्याचं?"

"कुरकुर न्हाय बघा. पाच वर्सं नुसता दहीभात. त्योच वाडगा, तीच जागा."

"आवाजाचा त्रास व्हायचा?"

"लाजाळू वं. वरात आली की कणगीत जाऊन बसायची, धान्यात."

"समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची?"

"मान वर केली न्हाय कधी! बघायला आलते तवा बी न्हाय. तितंच तर पसंत पडली!"

मॅडम लिहीत होत्या. कुशाबाईला वाटत होतं, लेकीचे गुण लिहितायत. मला मात्र किळस आली. पोर धान्यात तोंड खुपसून बसली होती, आणि सगळ्या गावानं तिला गुणाची ठरवलं. पोरगा असता तर दवाखाना केला असता. पोरीचं लग्न लावून दिलं.

"एवढं पुरेसं आहे," मॅडम म्हणाल्या. "लहानपणापासून ऑटिझम असल्याच्याच खुणा आहेत या."

कुशाबाईचा चेहरा उतरला. "मॅडम, खोडा त्ये. पोराचं लगीन झाल्यावर लिवा."

तेव्हा स्वरूपा बोलली. "आये, त्यातलं खोटं काय हाय, तेवढं सांग. तेवढंच खोडू."



महिन्याभरात अहवाल मिळाला. ऑटिझम आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. स्वरूपानं तो मॅडमकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हंजे मी खोटं वागत नव्हते?" मॅडम म्हणाल्या, "नव्हता."

परवा बावड्याहून निरोप आला. रविवारी सुयोगचं लग्न. टोपी घालून यायचं नाही, आजाराचं नाव काढायचं नाही. स्वरूपानं कळवलं, "टोपी घालून येईन. कुणी इचारलं तर खरं सांगीन. चालत नसंल तर येत न्हाय." अजून उत्तर नाही.

माझी वीण आता सुटत चाललीय, फार दिवस टिकणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात मान खाली घालून बसणारी गुणी पोर असेल, तर तिचं कौतुक बंद करा. तिला काय टोचतंय ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तोंड मिटून उभं राहा.