न लागलेली जोड

त्या पावसाळ्यात सोमाजी न्हाव्याच्या ओट्यावर एकाही माणसाची दाढी धड झाली नाही. वस्तरा गालावर थांबायचा, फेस वाळायचा, आणि सोमाजी म्हणायचा, "पन कोनत्या सालचा मुखरू, हे तं पयले सांग!"

"सदतीस सालचा," लटारू गालावरच्या फेसासकट बोलायचा. "चिखलात रुतली बैलबंडी एकट्यानं काढली, तवाचा."

"मंग मुश्ताकबी जवानीतलाच घे. चाळीस सालचा. नागपूरचा मल्ल डोळा लवेपर्यंत पाठीवर पाडला, तवाचा."

"मुखरू त्याले जवळ येऊ देईन तवा ना!"

"नाई येऊ देत तं लढते कसा गा? चिठ्ठी धाडून?"

ओटा हसायचा. बाजूच्या ओंडक्यावर बसलेला मुखरूही हसायचा, पण जरा उशिरा.

चांदा जिल्ह्याच्या या झाडीत मुखरू आणि मुश्ताक ही दोन नावे जोडीनेच घेतली जात. दोघांची पाठ कधी मातीला लागली नव्हती. आणि दोघांची आपसात कधी कुस्तीची जोड लागली नव्हती, कारण दोघे एकाच वस्तादाचे पठ्ठे. गुरुभावाच्या अंगाला लढायला हात लावायचा नाही, ही आखाड्याची आण. मागल्या उन्हाळ्यात वस्ताद गेले. आण सैल झाली आणि वादाला पाय फुटले. भाद्रपदात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, पंचांनी ठरवून टाकले: दिवाळीनंतरच्या मंडईला दोघांना मातीत उभे करू. लढायचे नाही, हात मिळवून नुसती सलामी. पन्नाशी उलटलेल्या माणसांना आणखी काय सांगणार?

मुखरूच्या बायकोला, गुणाबाईला, हे ऐकून घोर लागला. ब्रह्मपुरीच्या डॉक्टराने मुखरूच्या छातीला नळी लावून तिलाच बाहेर बोलावले होते. याला पाण्याची घागरसुद्धा उचलू देऊ नका, म्हणाला होता.

धान पोटरीवर आले तेव्हा एका सकाळी ती भाकर घेऊन शेतावर गेली. बांधाआड मुखरू दंड काढत होता. खाली जाई, वर येई; पुन्हा खाली गेला तो वर आलाच नाही. तिने धावत जाऊन त्याला उलटा केला. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

"अजी, सलामीसाठी कोनी दंड काढते का?"

तो बांधाला टेकून बसला. मग म्हणाला, "एकडाव मातीत त्याचा हात हाती आला, की मी सोडनार नाई, गुना. तोबी सोडनार नाई. तीस वर्सं लोक इचारून राह्यले. मले मालूम होऊ दे."

"अन् मी?"

त्याने भाकरीचे गाठोडे जवळ ओढले.

तिसऱ्या दिवशी, माहेरी जाते सांगून, गुणाबाई ब्रह्मपुरीला चालत गेली. तीन कोस. मुश्ताक पिंजाऱ्याच्या दारात कापसाचे ढग साचले होते. आत कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजत होती आणि त्या आवाजामागे खोकला. कापूस छातीत बसलेला माणूस. पण मान अजून खांबासारखी. नाकातोंडावरचे फडके काढून तो उठला.

"वहिनी? एकट्या? मुखरूभाऊ बरा हाये ना?"

"बरा राहावा म्हनूनच आली, भाऊजी." तिने पदर पसरला. "मंडईले येऊ नका."

 कोपऱ्यात गादीला टाके घालणारी त्याची मुलगी जरीना ताडकन उभी राहिली. "अब्बा नाई गेले तं लोक काय म्हनतीन, मालूम हाये ना, चाची? भेला म्हनतीन. या घरात दुसरं हाये काय? धनुकली अन् नाव."

"मालूम हाये, माय."

"मंग तुमच्या घरच्यालेच थांबवा ना!"

"तो थांबत नाई. मातीत उभा राह्यला तं तो उठून घरी येनार नाई. भाऊजी, तुमचं नाव मोठं हाये. पन नाव गेल्यावरबी मानूस जगते."

जरीना काही बोलणार होती. मुश्ताकने नुसता हात वर केला. दुसऱ्या हाताने त्याने समोरच्या कापसाची मूठ उचलली.

"वहिनी, खरं सांगू? मलेबी पाह्यचं होतं. दररोज पाह्यतो. हा कापूस पिंजता पिंजता दररोज लढतो त्याच्याशी. कधी तो जितते, कधी मी." तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "जा. मी येत नाई. पन त्याले सांगू नका. नाई तं तो इथी येऊन लढीन."

मंडईच्या दिवशी ढोल तीनदा वाजला. तीनदा मुश्ताकचे नाव पुकारले. मुखरू लंगोट कसून मातीत उभा होता, वाटेकडे डोळे लावून. शेवटी पंचांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. लोकांनी त्याला उचलले तेव्हा त्याचा चेहरा, घरातली वस्तू चोरीला गेलेल्या माणसासारखा होता.

वाद मिटला. सोमाजीसुद्धा म्हणाला, "जो येतच नाई, त्याची बाजू घेऊ तरी कशी?" आणि लटारूने दंडारीच्या खेळात गाणे जोडले:

पिंजाऱ्याचा पैलवान मंडईले नाई आला,
मुखरूचा दंड पाहून गादीखाली गेला.

आठ दिवसांत ते गाणे धान कापणाऱ्या बायांच्या ओठी आले. गुणाबाईच्या हातातला विळा त्या ओळीवर अडखळायचा. तरी ती गप्प राहिली. नवरा जेवत होता, झोपत होता, श्वास घेत होता. तिने तेवढेच मागितले होते. पण एका संध्याकाळी ओट्यावर लटारूने गाणे म्हटले आणि मुखरू हसला. यावेळी उशिरा नाही. सगळ्यांच्या आधी.

दुसऱ्या पहाटे ती जात्याशी बसली. जात्यावर बाई काय म्हणते त्याला घरातला पुरुष उत्तर देत नाही. सासूचा छळ, नवऱ्याचा मार, पोटातले दुःख, सगळे तिथे मोठ्याने म्हणता येते. ओसरीत मुखरू जागा होता. तिने मूठ घातली आणि गळा मोकळा सोडला:

भेला नाई मर्द बाई, मीच गेली त्याच्या दारी,
पदर पसरून म्हन्ली, नका येऊ मातीवरी.

कुंकवाच्या लोभापायी दिराचं नाव मातीत,
जितला म्हनती ज्याले, तो निजला ओसरीत.

ओसरीत काही हलले. मुखरू आत आला, तिच्यासमोर बसला आणि त्याने खुंट्यावर हात ठेवला. जाते थांबले.

"तो कबूल झाला?"

"एका बोलानं."

"अन् मी हासलो," मुखरू म्हणाला.

उजाडताच तो ओट्याकडे निघाला. गुणाबाई काही अंतर ठेवून मागे गेली. सोमाजीच्या हातात पाण्याची वाटी होती. लटारू आणि आणखी चार-सहा जण शेकोटीला हात शेकत होते.

"मुश्ताक भेला नाई," मुखरूने सांगितले. "माह्या घरून निरोप गेला होता, येऊ नको म्हनून."

शेकोटीवरचे हात मागे आले. मग लटारूचे डोळे चमकले. "घरून? म्हनजे भेला तूच! बायकोले पुढं केलं गा पैलवानानं?"

गुणाबाई पुढे झाली. त्याला ठाऊकच नव्हते, हे तिला सांगायचे होते. एवढेच वाक्य होते. मुखरूने वळून तिच्याकडे पाहिले. मातीत उतरताना पैलवान पाहतो तसे. ती जागच्या जागी थांबली.

"हो," तो म्हणाला. "मीच धाडली तिले. भेलो. मुश्ताकशी लढलो अस्तो तं मी हारलो अस्तो. सदतीस सालचाबी हारलो अस्तो."

"मी सांगत नव्हतो!" सोमाजी म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. लटारू तेवढ्यात नवी ओळ जुळवू लागला होता. बोटांनी मांडीवर ताल धरलेला दिसत होता.

मुखरू परत फिरला. आज ना उद्या हे ब्रह्मपुरीला पोचेल. तिथे मुश्ताक आणि जरीना, दोघेच ओळखतील की हे खोटे आहे. गुणाबाई चार पावले मागून चालत होती. वळणावरच्या मोहाशी मुखरू थांबला आणि त्याने खोडाला हात टेकला.

"छातीत दुखून राह्यलं का?"

"नाई," तो म्हणाला. पण खोडावरचा हात त्याने काढला नाही.