फुप्फुसाचा नेमका रंग

माणूस हा विचारी प्राणी आहे. धोका डोळ्यांसमोर दिसला की तो सावध होतो, आणि याच श्रद्धेवर जगातले सारे कायदेकानू उभे आहेत. रंगमास्तर हा धोका रोज भिंग लावून बघत आणि मग सिगारेट पेटवत.

सिगारेटची पाकिटं छापणाऱ्या छापखान्यात त्यांचं काम एकच. इशाऱ्याच्या चित्रातलं काळवंडलेलं फुप्फुस ठरल्या रंगाचं उतरलंय की नाही, ते पाहायचं. "हे फारच तजेलदार दिसतंय," ते खोकत खोकत म्हणत, "शाई वाढवा." चित्राखालची ओळ वाचणं त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

एक दिवस सिगारेट कंपनीचा माणूस गोड हसत आला. "मास्तर, चित्र एवढंसं फिकं करा की! गिऱ्हाईक दचकतं हो."

"बघू," मास्तर म्हणाले. मास्तरांचं 'बघू' म्हणजे होकारच.

त्याच संध्याकाळी घराचा जिना चढताना ते मधेच मटकन खाली बसले. बायकोनं ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे हातात दिला. मास्तरांनी सवयीनं खिशातलं भिंग काढलं, फिल्म उजेडाकडे धरली आणि निकाल दिला, "शाई पसरलीय. ही प्रत बाद. दुसरी काढा."

"प्रत एवढीच आहे, मास्तर," बाई म्हणाल्या. "आणि ती तुमची आहे. अजून वेळ गेलेली नाही, पण धूर आजच बंद!"

मास्तरांचा हात भिंगासकट खाली आला. अरे देवा! जन्मभर तपासलं ते हेच की!

वाटेत बायकोनं विचारलं, "अहो, ते चित्र दचकवायलाच छापतात ना? मग तुम्ही कसे दचकला नाहीत?"

"मी रंग बघत होतो गं. आता कंपनीला तोही फिका हवाय, आणि मी 'बघू' म्हणून बसलोय."

"बघा! आणि आता लोकांना रंगसुद्धा धड दाखवणार नाही म्हणता. आपण काय विकत घेतोय, हे घेणाऱ्याला कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाला मास्तरांनी ठणकावलं, "शाईचा थेंबही कमी होणार नाही! दचकू दे गिऱ्हाईक! मी दचकायला फार उशीर केला." माणूस चहा अर्धा टाकून निघून गेला.

मंडळी, इशारा छापायला लावणं कायद्याच्या हातात. तो वाचणं मात्र आपल्याच.

घरी येऊन मास्तर स्वयंपाकघराच्या दारात हात उंचावून उभे राहिले. "आजपासून हे घर, तो छापखाना आणि हळूहळू अखिल मानवजात धुरातून मुक्त होणार!"

"होईल हो," बायको म्हणाली. "आधी खिशातली ती काडेपेटी द्या इकडे. गॅस पेटवायचाय."