बॉनेटवरचा पाइप

आमची जीप रपट्याजवळ आली की माझा नवरा सगळ्या प्रवाशांना खाली उतरवायचा आणि बाभळीकडे तोंड करून उभं राहायला सांगायचा. मग ते शाळेचे मास्तर असोत, वरठीच्या कारखान्यातले कामगार असोत, नाहीतर माहेरी निघालेली लेकुरवाळी असो. सगळ्यांची तोंडं फिरली की तो बॉनेट उघडायचा, वरून घोंगडं टाकायचा आणि आत डोकं घालून खुडबुड करायचा. लोक म्हणायचे, टेकचंद गाडीच्या कानात मंत्र सांगतो. मला खोदून खोदून विचारायचे. मला काय डोंबल माहीत! मी त्याची लग्नाची बायको, पण मीही बाभळीकडेच तोंड करून उभी.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. आमचं गाव आणि कारधा यांच्यामध्ये एक नाला आहे आणि त्यावर बुटका रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल. पावसाळ्यात रपट्यावरून कमरेएवढं पाणी वाहायचं, एसटी कारध्याच्या बाजूनेच माघारी फिरायची. आमची जीप तेवढी पलीकडे जायची. सरकारी लिलावात घेतलेली, डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. नवरा खुशीत असला की एवढंच सांगायचा, "डिझेल इंजिनाले पान्याचा भेव नाई. फक्त हवा घ्याच्या तोंडात पानी नाई गेलं पायजे. गेलं का रॉड वाकते अन् इंजिन भंगारात जाते." पाणी जाऊ नये म्हणून तो काय करतो, हे मात्र विचारायची सोय नव्हती. विचारलं की म्हणायचा, "काहून? कोनाले सांगाचं हाये?"

त्यातच शेजारच्या टोलीवरच्या, म्हणजे वाडीवरच्या देवाजीनेही जीप घेतली. झालं, आमच्या घरात कुजबुजीलाही बंदी आली. कोणी ओसरीवर बसायला आलं तरी नवऱ्याला वाटायचं की देवाजीने पाठवलं. आणि एके दिवशी त्याने गावाच्या चौकात, सगळ्यांच्या देखत, जीपच्या बॉनेटवर एक उंच लोखंडी पाइप बसवला. टपाच्याही वर गेलेला. लोक म्हणाले, असं होय! इंजिन वरून हवा घेते तर. साधा नट आवळताना पाठ फिरवणारा माणूस हे काम मात्र चौकात, मोठ्याने बोलत बोलत करत होता. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आठवडाभरात देवाजीने हुबेहूब तसाच पाइप आपल्या जीपला लावला आणि पहिल्याच पुरात त्याची जीप रपट्याच्या मधोमध बंद पडली. रॉड वाकला, इंजिन खलास. त्या दिवशी माझा नवरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि भात मागून मागून जेवला.

घनश्याम, माझा धाकटा दीर, आमच्यातच राहायचा. बिनलग्नाचा, बोलका, कोणाशीही गप्पा मारणारा. तो भोळेपणाने म्हणाला, "पन दादा, त्यानं तं आपल्यासारकाच पाइप लावला होता. मंग पानी गेलं कसं?"

नवऱ्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. "तुले काय माहीत, त्यानं कसा लावला थो?"

"त्यानंच दाखवला, टपरीवर."

एवढं पुरे झालं. सख्खा भाऊ कारध्याच्या टपरीवर देवाजीसोबत खर्रा खातो, म्हणजे तो फितूर, हे नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं. जीपची चावी तो कमरेच्या करदोट्याला बांधून झोपू लागला. घनश्याम अंगणात उभा राहिला तरी हा खिडकीतून पाहायचा.

ऑगस्टमध्ये घनश्यामला जवाहरनगरच्या फॅक्टरीतून नोकरीसाठी बोलावणं आलं. चार वर्षं तो त्याची वाट पाहत होता. यंदाचं हुकलं की वयाची अट ओलांडली जाणार होती, पुन्हा अर्जच करता येणार नव्हता. नेमकं आदल्या दिवसापासून पाऊस, आणि नवरा हिवतापाने गोधडीत कुडकुडत पडलेला. सकाळी घनश्यामने इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले आणि दाराशी येऊन म्हणाला, "दादा, चाबी दे ना गा. कारध्यावरून बस भेटंल मले."

"कॉलबिल काई नाई," नवरा गोधडीतून बोलला. "देवाजीले गाडी उघडून पायाची असंल."

"दादा, कागद दाखवू काय?"

"कागद कोनीबी आनते."

घनश्याम अंगणात जाऊन उभा राहिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या पोराला मी लग्न होऊन आले तेव्हापासून जेवू घातलं, त्याचं आयुष्य या माणसाच्या वहमापायी वाया जाणार होतं. नवऱ्याला ग्लानी आली तशी मी त्याच्या कमरेची चावी सोडवली आणि बाहेर नेऊन घनश्यामच्या हातावर ठेवली.

"जा भाऊजी. दादाले मी सांभाळते."

त्याने वाकून माझ्या पाया पडून जीप काढली. गाडी त्याला चांगली चालवता यायची.

जीपचा आवाज तळ्याच्या पाळीपलीकडे गेला आणि नवरा जागा झाला. हात कमरेला गेला. "चाबी?"

"मी देल्ली."

मला वाटलं, आता अंगावर येईल. पण त्याचं तोंड पांढरं पडलं. "रपट्यावर पानी किती हाये?"

"कमरेएवढं असंल. गाडीले पाइप हाये ना."

"थो पाइप खोटा हाये! नुसता उभा केला मी थो, देवाजीसाठी. खरा नळा रबराचा हाये. थो मी रोज संध्याकाळी काढून ठेवतो."

"कुठी ठेवता?"

आणि हा माणूस थांबला. भाऊ पाण्यात उतरत असेल, आणि हा आधी दाराकडे पाहतो, मग माझ्याकडे. सांगावं की नाही, असा. मी किंचाळले, "अवो, बोला ना!"

"तांदराच्या कोठीत. वरून."

आमची कोठी पत्र्याची, माझ्या डोक्याएवढी उंच. मी तांदूळ खालच्या खिडकीतून काढते. वरचं झाकण वर्षातून एकदा, भरतानाच उघडायचं. मी पाटावर चढून खांद्यापर्यंत हात खुपसला आणि काळा नळा ओढून काढला. मग शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, भाताच्या बांधीतल्या चिखलातून, पदर कमरेला खोचून धावत सुटले. पोहोचेन असं वाटत होतं. तो बूट काढेल, पँट वर दुमडेल, पाण्याचा अंदाज घेईल, तेवढा वेळ जाईलच.

जीप रपट्याच्या मधोमध उभी होती, बंद. घनश्याम बॉनेटवर उकिडवा बसला होता. बूट गळ्यात अडकवलेले, कागद दातांत धरलेला. तोल सावरायला त्याने तो पाइप धरला होता. पाण्याचा एक लोट आला, गाडी हलली आणि पाइप उपटून त्याच्या हातात आला. त्याने उलटा करून पाहिला. खालच्या टोकाला लाकडाची खुंटी ठोकलेली होती. मग त्याने काठाकडे पाहिलं. काठावर मी उभी, दंडाला तांदळाचा कोंडा, हातात रबरी नळा.

दोघा गुराख्यांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं, तेही अलीकडच्याच काठावर. पलीकडे जायचा आता प्रश्नच नव्हता. तो निथळत माझ्यासमोर आला. "वयनी, हे कुठी भेटलं?"

"कोठीत."

"आपल्या कोठीत? कोठीतला तांदूर तं तुमीच काढता ना?"

"खालून काढते भाऊजी. त्यायनं वरून ठेवला होता. मले आत्ता सांगतलं त्यायनं, आत्ता."

मी अक्षरशः खरं सांगत होते, पण माझाच आवाज मला खोटा वाटला. तो फक्त "बरं" म्हणाला आणि घराकडे चालू लागला. माझ्या पुढे दहा पावलं, एकदाही मागे न पाहता.

मला वाटलं होतं, घरी दोघा भावांची जुंपेल. जुंपावी असंच वाटत होतं. पण नवरा गोधडीतून उठून बसला आणि शांतपणे म्हणाला, "मी तं नाईच म्हनलं होतं, घनश्या. चाबी कोनं देल्ली? अन् नळा कोनाच्या कोठीतून निंगाला?"

घनश्यामने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, जणू नळा कुठे आहे हे माहीत असूनच मी त्याला चावी दिली होती. मी भडकले. कोठीचं झाकण उघडून दाखवलं, खालची खिडकी उघडून दाखवली, देवाची शपथ घेतली. जितकी जास्त बोलले तितके ते दोघं जास्त गप्प झाले. पोराची नोकरी गेली याचं दुःख मला त्याच्याइतकंच होतं, पण त्या घरात ते दुःख करायचा हक्क आता माझा राहिला नव्हता.

पाणी ओसरल्यावर दोघा भावांनी बैल जुंपून जीप घरी ओढून आणली. अंगणात तिचं इंजिन उघडलं. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. नवऱ्याने घनश्यामला जवळ बसवलं होतं आणि कोणता नळा कुठे बसतो, पाणी कुठून शिरतं, हे बोट लावून लावून दाखवत होता. जन्मात कोणाला दाखवलं नव्हतं ते. घनश्याम मान डोलावत होता.

मी चहा घेऊन गेले तशी दोघांचं बोलणं थांबलं. घनश्यामने कप उचलण्याआधी दादाकडे पाहिलं. मी कप तिथेच ठेवले आणि घरात परत आले. मी आत गेल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.