प्रमुखाच्या वाट्याची मासळी

चांबो माशाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते. आसियातूने परातीतल्या एका मादीचा जबडा अंगठ्याने दाबला, तशी आतून पिल्लं बाहेर आली. तांदळाच्या कणीएवढी, जवळजवळ पारदर्शक, प्रत्येकाला दोन काळे डोळे. काही अजून वळवळत होती. मादी तिच्या तळहाताएवढीही नव्हती. आसियातूच्या लहानपणी एवढ्या माशाला मादी कोणी म्हटलं नसतं.

परात भावाकडून आली होती. मालोम्बे सरोवराच्या काठावर रापणीचं लांब जाळं ओढणारे गावप्रमुखाचा वाटा पोचवतात आणि प्रमुख त्यातला थोडा बहिणींच्या घरी धाडतो. आसियातूचा थोरला भाऊ मसांजे हा प्रमुख. पण ही मासळी दुसऱ्या कोणाच्या जाळ्यातून वाटा म्हणून आलेली नव्हती. एवढी बारीक मासळी ज्यात अडकेल अशी रापण किनाऱ्यावर एकच होती. तिच्या शेपटाला मच्छरदाणीची पिशवी शिवलेली होती आणि ती मसांजेची स्वतःची होती.

आसियातू मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष होती. सरकार बर्फघर द्यायला तयार होतं, होड्यांना इंजिनंही. अट एकच होती. बंदी असलेली जाळी सोसायटीने स्वतः बाहेर काढायची आणि किनाऱ्यावर जाळायची. मागच्या बैठकीत सगळ्यांनी अब्दू नावाच्या मच्छीमाराकडे बोट दाखवलं, कारण त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. त्याचं जाळं जळलं. मग तो कोणाची तरी खोदीव होडी मागून, गळ घेऊन खोल पाण्यात गेला. दक्षिणेचा वारा सुटला. होडी तेवढी काठाला लागली.

मासे साफ होत होते तोवर मसांजे दारात येऊन उभा राहिला.

"आज साहेब येणार म्हणे."

"येणार, दादा."

"अब्दूचं जाळं शेवटचं होतं, आता काही उरलं नाही, एवढंच सांग."

आसियातू सुरी पुसत राहिली.

"शुक्रवारी रेहेमाच्या लग्नाची बोलणी आहेत," तो सावकाश म्हणाला. "मुलाकडची माणसं विचारतील, मुलीचा मामा कुठाय? तेव्हा कोणाला बसवशील? सोसायटीला?"

तो हसला आणि गेला. मामाशिवाय बोलणी होत नाहीत. मुलाकडचे पाणीसुद्धा न घेता उठतील आणि लेक रेहेमा बिनलग्नाची घरात राहील, हे आसियातूला ठाऊक होतं. म्हणूनच इतके दिवस तिने भावाच्या रापणीचं नाव काढलं नव्हतं.

बैठक होड्यांच्या सावलीत भरली. मत्स्य खात्याचे न्यिरोंगो साहेब घाम पुसत म्हणाले, "अध्यक्षबाई, मी पुन्हा यायचो नाही. पलीकडच्या गावाने जाळी जाळली, तिथे बर्फघराचा पाया खणून झाला."

"द्या त्यांनाच, साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. "आमच्याकडे मासा कुठाय? आम्ही बर्फाचं सरबत करू!"

सगळे हसले. खुर्चीवर बसलेला मसांजेही हसला.

अब्दूची बायको असुमिनी हसली नाही. मूल पाठीला बांधून ती कडेला उभी होती. "काकी," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या जाळ्याची राख झाली, मग मासे परत का नाही आले? सांगा की. तुमच्याकडे तर परात भरून येतात."

"गप ए!" कोणीतरी दटावलं.

"गप कशाला? आता माझं काय जाळणार आहात?"

हसणं थांबलं. साहेबांनी आसियातूकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. अंगठ्याच्या नखाशी सकाळचं एक पिल्लू चिकटून सुकलं होतं. देह दिसतच नव्हता, नुसते दोन काळे ठिपके.

मसांजे खाकरला. "अध्यक्षबाई सांगतील. आता काही उरलं नाही."

प्रमुखासमोर बायकांनी गुडघे टेकून बोलायचं असतं. आसियातू उठली, वाळू तुडवत भावाच्या खुर्चीपुढे आली आणि गुडघे टेकून बसली. मसांजेने मान डोलावली. त्याला वाटलं, ती आपलंच म्हणणं पुढे चालवणार.

"दादा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमची रापण बाहेर काढा. आज ती जाळायची आहे."