अपिओच्या बोटाचा आकडा

आरोग्य खात्याच्या साहेबांनो, तुम्ही त्या यंत्रावर शिक्का मारलात. न तपासता मारलात. नाही म्हणायचं असेल तर आधी हे वाचा.

मी ओग्वाल. लिरा गावच्या बाजारात तीळ आणि नाचणी तोलतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन पोत्यांवरच्या कागदांतून. माझ्या तराजूला सरकारचा माणूस दरवर्षी येऊन वजनं लावतो. काटा बरोबर असला तर शिक्का मारतो, जरा सरकला तर तराजू उचलून नेतो. म्हणून मी शिक्क्याला मानत आलो.

आचेन आणि अपिओ माझ्या जुळ्या मुली, अकरा वर्षांच्या. आचेनला साखरेचा आजार. दवाखान्यातून रक्त तपासायचं यंत्र मिळालं, रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांची बाटली मिळाली, इन्सुलिन मिळालं. इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवा, गार राहील, असं सांगितलं. माझ्या बायकोने, आकुलूने, पट्ट्याही त्याच मडक्यात ठेवल्या. औषधाशेजारी औषध. बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं होती, आमच्या भाषेतलं एकही नाही.

आमच्यात जुळ्यांत दुजाभाव करत नाहीत. एकीला फ्रॉक तर दुसरीलाही फ्रॉक. एकीचं बोट टोचलं की दुसरीचंही टोचायचं. अपिओ कुरकुरायची, "मला कशाला? मी काय गोड आहे?"

"तू कडूच आहेस," आचेन म्हणायची. "पण बोट दे."

सुरुवातीला अपिओचा आकडा पाच यायचा, निरोगी माणसाचा येतो तेवढा. महिन्याने अकरा, मग तेरा. एकाच बोटाचं रक्त तीनदा लावलं तर तीन वेगवेगळे आकडे. मी यंत्र घेऊन दवाखान्यात गेलो.

"सिस्टर, एकच पोतं तीनदा तोललं नि तीन वजनं आली, तर आम्ही तो तराजू फेकून देतो."

"ओग्वालदादा, हा तिळाचा बाजार नाही. थोडं इकडंतिकडं चालतं, वरूनच तसं लिहून आलंय."

"आणि अपिओ? धडधाकट पोर, तिचे तेरा?"

"जुळीच ना. तिलाही लागलं असेल. पुढच्या महिन्यात आणा तिला." यंत्र उलटं करून तिने माझ्यासमोर धरलं. "हा बघा शिक्का."

शिक्का बघितला आणि मी घरी आलो.

मंगळवारी सकाळी आचेन घामाने भिजून उठली. हात थरथरत होते. "बाबा, भूक लागलीय." यंत्राने अठरा दाखवले. पंधराच्या वर गेलं तर साखर उतरवायला इन्सुलिनची जास्तीची सुई, असं दवाखान्याने लिहून दिलं होतं. आकुलूने नेहमीसारखं अपिओचं बोट टोचलं. सतरा.

आकुलू थांबली. "अपिओच्या बाबा, ही टुणटुणीत आहे आणि हिचे सतरा. मग आचेनचे अठरा खरे कशावरून? लापशी देते तिला."

"तू तपासनीस आहेस का? शिक्का आहे त्याच्यावर. सुई दे."

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही.

आकुलूने सुई दिली. आचेन चटईवर पडून म्हणत होती, थोडी तरी लापशी द्या. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून मोठ्या इस्पितळात नेली तेव्हा तिची मान सावरत नव्हती. तिथल्या यंत्राने एक दाखवला, म्हणजे रक्तातली साखर जवळजवळ संपलेली. दुपारपर्यंत ती गेली.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी आमची बाटली उघडून बघितली. "ओलाव्यात होत्या का? दमट झाली की पट्टी नासते. मग वाट्टेल तो आकडा येतो. सांगितलं नाही कुणी?"

आकुलू माझ्याशी बोलते. मिठाबद्दल, सरपणाबद्दल. सुईबद्दल कधीच नाही. परवा सकाळी अपिओ सवयीने बोट पुढे करून बसली. आकुलूने ते हातात धरलं, पदराने पुसलं आणि सोडून दिलं.

माझ्या वाट्याचं मी वर लिहिलंय. आता तुमच्या वाट्याचं. मडकं सांगायला माणूस मिळाला, पट्ट्यांचं सांगायला का नाही मिळाला? थोडं इकडंतिकडं म्हणजे किती, आणि ते कुणाच्या पोरीवर मोजलंत? माझ्या तराजूच्या शिक्क्यात साल असतं. तुमच्या शिक्क्यात काहीच नाही. ते यंत्र शेवटचं कधी तपासलंत? तारीख सांगा.