पाण्याचे आकडे

"माय, हे कोनं बंद केलं?"

उमेंद्र दारातच थबकला. समोरच्या केवळरामच्या मातीवरून येऊन त्याने अंगणातच आंघोळ केली होती. केसांतून पाणी गळत होतं, आणि टेबलावरचा संगणक काळा पडला होता.

"मीनंच केलं," अनुसयाबाई म्हणाल्या. "समोर मानूस भुईवर पडून राह्यला अन् आपल्या घरी गोळे नाचत राहतीन? लोकायनं का म्हनलं असतं?"

शेजारी मयत झाली की उचलेपर्यंत टीव्ही बंद, हा गोरेगावचा रिवाज. अनुसयाबाईंच्या लेखी संगणकही टीव्हीच, फक्त गाणी नसलेला. भाजी निवडताना त्या पडद्यावरच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांची थरथर पाहत बसायच्या.

उमेंद्र कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायचा; केस पिकले तरी तासिकेवरच. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा. दोन सेंद्रिय रेणू अल्कोहोलमध्ये रेंगाळतात आणि पाण्यात झटकन जुळतात, ते का, हा त्याचा विषय. प्रयोगशाळेचा नळ कोरडा, म्हणून पाणीही संगणकातलंच, गोळ्यागोळ्यांचं. अल्कोहोलचे आकडे निघाले होते. पाण्याचे सोमवारी नागपूरला सरांकडे पोचले नाहीत तर नोंदणी रद्द होणार होती. पावसाळाभर चाललेला तो हिशेब उद्या संपायचा होता.

लाइन जाईल म्हणून त्याने बॅटरी बसवली होती, उंदरांच्या भीतीने वायरींवर नळी चढवली होती. मायचा बंदोबस्त तेवढा राहिला. आणि डिस्क भरली म्हणून मधेमधे साठवणं त्यानेच बंद केलं होतं; आता सगळं पहिल्यापासून.

"मले फोन काऊन नाही केला?"

"मोक्षधामात फोन करू? येडा झाला का?" मग त्यांचा आवाज उतरला. "काही बिघडलं का, बापा?"

सोमवार परवावर आला होता.

"नाही वं माय. पुन्हा लावतो."

"मंग लाव ना. गेली आता मयत."

त्याने लावला. गोळे रोवणीतल्या रोपांसारखे ओळीत उभे राहिले. एक हलला, मागोमाग सगळे.

"पान्यात लवकर होते म्हनत होता ना तू?" अनुसयाबाईंनी डोळे बारीक केले. "मंग तुह्यं काऊन होऊन नाही राह्यलं?"

समोरच्या ओसरीत, केवळरामला ठेवलं होतं त्या जागी, त्याची सून प्रेमिला दिवा लावत होती. उमेंद्रने हात लांबवून संगणकाचा पडदा तेवढा बंद केला. खाली त्याच्या चालू डब्यावरची हिरवी टिकली जळत राहिली.