लालासाहेबांची अश्वगंधा

रहिमतपूरच्या लालासाहेबांनी फौजेतून पेन्शन घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. त्यात शेजारच्या नानासोनं त्यांना अश्वगंधेचं चूर्ण दुधातून घ्यायला सांगितलं, आणि त्यांच्या बायकोच्या, बनुबाईंच्या डोक्याला ताप झाला.

औषध लागू पडलं, हे बनुबाईंनाही नाकारता येत नव्हतं. रात्रभर कूस बदलणारा माणूस आता गाढ झोपायचा. पण म्हणून उजाडायच्या आत सगळ्या आळीला उठवायचं? अंगणात दंड काय, बैठका काय!

"आवं, पंचाहत्तरी उलटली. आता कुठल्या लढाईला जायचंय?"

"म्हातारपण मनात असतंय. तू बी घे चमचाभर."

"मला नगो. घरात एक येडं बास हाय."

एका चमच्याचे तीन चमचे कधी झाले, ते लालासाहेबांनी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी ते उसाला पाणी पाजायला गेले. बनुबाई भाकरी घेऊन पोहोचल्या तर हे बांधावर बसलेले, घामानं चिंब, हात थरथरतायत, जीभ जड. साखर उतरली, हे बनुबाईंनी ओळखलं. नवऱ्याच्या मधुमेहाशी त्या किती वर्षं संसार करत होत्या! जवळ गोड काहीच नव्हतं. त्यांनी खुरप्यानं ऊस तोडला, सोलला आणि कांडं पुढं केलं.

"चावा."

"मला... गोड वर्ज्य हाय."

"चावा म्हंते न्हवं!" बनुबाई एवढ्या ओरडल्या, की शेजारच्या रानातला नानासो धावत आला.

रस पोटात गेला, तशी नजर थाऱ्यावर आली. नानासोनं जीप काढली आणि दोघांना साताऱ्याला नेलं.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "अश्वगंधेनं झोप लागते, बऱ्याच जणांना तरतरी वाटते. पण साखरही खाली येऊ शकते. वर तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या, आणि चूर्ण तिप्पट! तूर्त बंद करा. यापुढं काहीही घ्यायचं तर आधी विचारा."

"म्हंजे आवषदात दम हाय," लालासाहेब म्हणाले.

बनुबाईंनी कपाळावर हात मारला.

जीपमध्ये त्यांनी विचारलं, "तीन चमचे कशापायी?"

लालासाहेब बाहेर बघत म्हणाले, "तुझं गुडघं गेल्यात. पोरं दोन्ही लांब, उदयसिंह तिकडं लडाखात, पूजा सांगलीला. उद्या तू पडलीस तर उचलायला कोन हाय?"

"आज कोन पडलं? आन कुनी उचललं?"

नानासो समोर बघून गाडी हाकत राहिला.

घरी येताच बनुबाईंनी चूर्णाचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहतात तर लालासाहेब पायात बूट घालतायत.

"आता कुठं?"

"डॉक्टरनं चालायला न्हाई म्हटलंय का?"

बनुबाईंनी सगळ्या देवांची नावं घेतली, ओच्यात गुळाचा खडा बांधला आणि गुडघे दाबत, बडबडत त्यांच्या मागं निघाल्या.

"जरा हळू चाला की. पळताय कुठं?"

लालासाहेब थांबले. त्या जवळ आल्यावरच त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.